हंड्याला आलेले पत्र

मित्रांनो, हंड्याला कधी कोणी पत्र लिहिते का? मला एकदा आले होते. पाकिटावर फ्रान्सचे तिकीट होते आणि पत्ता गोल, शाळकरी अक्षरांत होता : 'दोरिंदा आजीचा मोठा हंडा, चुलीजवळ, कोव्हेलो, पोर्तुगाल.' टपालवाल्या काझिमिरोने तो दारातच वाचला आणि त्याला इतके हसू आले की तो पायरीवरच बसला.

"काकू, तुमचं नाहीये पत्र. तुमच्या हंड्याला आलंय."

"मग त्याला वाचून दाखव की, मेल्या," दोरिंदा आतून म्हणाली. "तीन पाय आहेत त्याला, पण डोळे नाहीत."

काझिमिरो आत आला आणि माझ्यासमोर उभा राहून, सरकारी हुकूम वाचावा तसा वाचू लागला.

'प्रिय हंड्या, मी लीदिया. अर्मिंदोची मुलगी. उन्हाळ्यात तुझ्या झाकणाने माझं बोट भाजलं होतं, ती मी. मला तुला एक विचारायचं आहे. आजी दर रविवारी फोनवर म्हणते, मी आत्ताच जेवले. दर वेळी तेच, आणि त्याच आवाजात. ती खरंच जेवते का? पप्पा म्हणतात, म्हाताऱ्या माणसांना असं विचारू नये. म्हणून तुला विचारते. तू तिथेच असतोस. उत्तर नक्की पाठव.'

वाचता वाचता काझिमिरोचा हुकमी आवाज खाली आला. दोरिंदाने कोरडेच हात ॲप्रनला पुसले.

"फाजील आहे कार्टी," ती म्हणाली. तिने पत्राची घडी केली, माझे झाकण थोडेसे उचलले आणि पत्र आत टाकले. "तुझी डाक आहे, तू बघ. काझिमिरो, बस. एवढा चढ चढून आलास. पावाबरोबर चोरिस कापते."

"आणि तुम्ही?"

"मी आत्ताच जेवले."

ती जेवली नव्हती. मला ते ठाऊक होते, कारण माझ्या पोटात त्या कागदाशिवाय काहीही नव्हते.

त्या पत्राचे उत्तर मी दिले नाही. तुम्ही म्हणाल, हंडा उत्तर देणार कसा? तुमचे खरे आहे. तरी हे पत्र मी पुष्कळ वर्षे पोटात वागवले आहे आणि एवढ्या कारणाने माझे समाधान होत नाही. आता जे सांगतो आहे तेही मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. माझा जन्म धुरात गेला. काही गोष्टी मला चुकीच्या दिसल्या असतील. तसे वाटले तर सोडून द्या.

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. तीन आखूड पाय, दोन कान, वर जड झाकण. एका नदीकाठच्या कारखान्यात वाळूच्या साच्यात वितळलेले लोखंड ओतून मला घडवले. ती वेदना मला आठवत नाही. पुढे आयुष्यभर आगीवरच बसायचे होते, तेव्हा ते बरेच झाले. तिथून मी जत्रेत आलो. दोरिंदाची सासू तिथे हंडा घ्यायला आली होती. तिने बोटाच्या पेराने मला वाजवले, कान लावून नाद ऐकला आणि मग दुसऱ्या एका लहान हंड्याकडे वळली.

"घरात माणसं किती, बाई?" विकणाऱ्याने विचारले.

"पाच. पण किल्ली दारात असते आमच्या."

"असं सांगा की. मग हाच न्या," तो म्हणाला आणि त्याने मला तिच्या बैलगाडीत चढवले. मिठाचे पोते आणि एक ओरडणारे डुकराचे पिल्लू यांच्यामध्ये बसून मी कोव्हेलोला आलो.

कोव्हेलो डोंगरात आहे. घरे दगडाची आणि काळी. नऊ महिने थंडी आणि तीन महिने नरक, असे तिथले लोक आपल्या हवेबद्दल म्हणतात, आणि ते म्हणतानाही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान असतो. किल्ली दारात असते म्हणजे काय, ते मला तिथे कळले. प्रत्येक घराची किल्ली बाहेरच्या बाजूने कुलपात अडकवलेली असायची, दिवसा आणि रात्रीही. कोणी आले की त्याने दाराशी उभे राहून हाक मारायची. आतून 'कोण आहे?' असे कोणी विचारत नसे. आतून एकच उत्तर यायचे : "कोण असेल ते आत या!"

आत आलेल्याला आधी वाढायचे. तिसरी पळी वाढून होईपर्यंत त्याचे नाव विचारायचे नाही. पाहुण्याने नको म्हणायचे नाही आणि घरच्या बाईने पाहुण्याच्या आधी घास घ्यायचा नाही. शिजवलेले अन्न दुसऱ्याच्या घरी न्यायचे ते फक्त त्या घरात मयत झाली असेल तेव्हाच. एरवी नेले, तर तुमची चूल विझली असे तोंडावर म्हटल्यासारखे होई. आणि दुसऱ्याच्या घरच्या हंड्याचे झाकण कोणी उचलायचे नाही. हे कुठे लिहिलेले नव्हते. लिहायची गरजही कधी पडली नव्हती.

दोरिंदा लग्न होऊन आली तेव्हा फार लाजरी होती, पण माझ्याशी तिचे लगेच जुळले. राखेने आणि मिठाने ती मला आतून घासायची. बाहेरची काजळी मात्र तशीच ठेवायची. पाणी, कोबी, बटाटे, मूठभर चवळी, ऑलिव्हच्या तेलाची धार. माप म्हणून तिने कधी काही वापरले नाही. तिचे हातच माझ्या मापाचे झाले होते. वर वाशांना चोरिसांच्या, मांस भरलेल्या आतड्यांच्या, माळा टांगलेल्या असायच्या आणि चुलीच्या धुरात डुकराचे ते मांस, लसूण आणि लाल तिखट हळूहळू मुरत राहायचे. तिचा नवरा बेल्मिरो बाकावर बसून पंचांग मोठ्याने वाचायचा. पुढे तो हाती लागेल ते वाचू लागला. माझ्या बोलण्यात जे काही पुस्तकी येते, ते त्याच्यामुळे.

एकदा पावसात भिजलेला एक माणूस आला आणि जेवायला बसला. धूर पाहून शेजारची झुल्मिराही आली. झुल्मिराला कोणाकडे काय चालले आहे, हे कळल्याशिवाय चैन पडत नसे.

"कोण गं हा?" तिने कुजबुजत विचारले.

"मला काय माहीत? अजून दुसरीच पळी चालू आहे," दोरिंदा म्हणाली.

"आणि चोर असला तर?"

"मग भरल्या पोटी चोरी करील. जड होईल, पळता यायचं नाही. हे पकडतील."

"मीही जेवलोय," बेल्मिरो पुस्तकातून मान वर न काढता म्हणाला. "मला कशाला पळवता?"

तिसऱ्या पळीनंतर कळले, तो खुर्च्या विणणारा होता. त्याचे गाढव वाटेत मेले होते आणि गाढवाचे ओझे पाठीवर घेऊन तो दिवसभर चालला होता. तो हे सांगताना रडला. दोरिंदाने चौथी पळी वाढली.

थंडी सुरू झाली की डुक्कर कापण्याचा दिवस यायचा. तो माझा दिवस. अख्खा गाव मदतीला आणि जेवायला. मी सकाळपासून उकळत असायचो, माझ्याभोवती बायकांची बडबड आणि पुरुषांची गाणी. झुल्मिरा दर वर्षी रश्शात पाव बुडवून डोळे मिटायची आणि म्हणायची, "दोरिंदा, हा हंडा मला देऊन टाक. नवरा ठेव तुझा तुला."

"नवरा आत्ता घेऊन जा. हंडा मिळायचा नाही."

मित्रांनो, मला गर्व झाला होता. मला वाटायचे, सगळे गाव माझ्या पोटातून जेवते. गर्व करण्यासारखे त्यात माझे काय होते, ते आता मला सांगता येत नाही.

मग तरुण मुले जाऊ लागली. डोंगर ओलांडून पायी, चोरून, फ्रान्सला. दोरिंदाचा एकुलता एक मुलगा अर्मिंदोही गेला. जायच्या दिवशी तो माझ्या शेजारी बसून जेवला. ताट रिकामे झाले की दोरिंदा वाढायची, आणि नको म्हणायचे नाही या नियमाने तो खात राहिला. जणू तो आतापासूनच या घरचा पाहुणा झाला होता. तो उठून निघून गेला तरी दोरिंदाच्या हातातली पळी खाली आली नव्हती.

मुलांमागे बायका गेल्या, बायकांमागे घरे. घर बंद होताना दारातली किल्ली काढून नेत असत. मला चुलीवरून रस्ता दिसत नाही, पण संध्याकाळी बेल्मिरो आत येऊन सांगायचा, "आज सुताराची किल्ली गेली." दोरिंदा कोबी चिरत राहायची. काही वर्षांनी त्याने सांगणे बंद केले. मग एका थंडीत तोच गेला.

त्याच्या मयतीला फ्रान्सहून मोटारी आल्या. जो येईल तो जेवला. काठोकाठ भरण्याची माझी ती शेवटची वेळ.

"आई, चल आमच्याबरोबर," अर्मिंदो म्हणाला. "इथं कोण आहे आता?"

"कोणी आलं तर?"

"कोण येणार आहे, आई?"

"ते आल्याशिवाय कसं कळेल?" दोरिंदा म्हणाली. ती गेली नाही.

सगळे परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने नेहमीसारखे मला चुलीवर ठेवले. पाणी, कोबी, बटाटे. हात आपोआप चालत होते. शिजल्यावर ती समोर उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत राहिली. दहा माणसांचे जेवण होते. तिने एक वाडगा घेतला. दुसऱ्या दिवशी एक. तिसऱ्या दिवशी ते आंबले. डुक्कर पाळणे तिने सोडले होते, त्यामुळे घालायलाही कोणी नव्हते. तिने मला कसेबसे ओढत मागच्या वाफ्यापर्यंत नेले आणि सगळे ओतून दिले. मग राखेने आणि मिठाने बराच वेळ घासले. नंतर एकदा तिने एका लहान पातेल्यात दोन बटाटे उकडून पाहिले. "बाहुलीचा स्वयंपाक," ती म्हणाली आणि ते पातेले फळीवर गेले ते गेलेच. त्यानंतर ती काळ्या पावाचा तुकडा कॉफीत बुडवून खायची. बहुतेक वेळा उभ्यानेच.

पण किल्ली दारात होती. झुल्मिरा अजून डुक्कर पाळायची आणि कामाला मदत केल्याबद्दल दोरिंदाला तिचा वाटा द्यायची. त्यामुळे थंडीच्या सुरुवातीला वाशांवर माळा असायच्या. त्यातले एकही चोरिस दोरिंदाने स्वतःसाठी कधी उतरवले नाही. पाहुणा आला आणि घरात काही नाही, याची तिला जेवढी भीती वाटायची, तेवढी भुकेची वाटत नसे.

अशा वेळी लीदियाचे ते पत्र आले. आणि मित्रांनो, यापुढचे सांगायला मला जड जाते. पोरीने बापालाही पुन्हा पुन्हा विचारले असणार. कारण अर्मिंदोने ओळखीच्या सगळ्यांना फोन केले : जरा आईकडे जाऊन बघा, ती जेवते ना? सगळी चांगली माणसे होती. सगळे आले. झुल्मिरा पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागली. काझिमिरो पत्र नसले तरी फटफटी थांबवू लागला. खालच्या गावचा पाद्री आला. एकट्या म्हाताऱ्यांची चौकशी करणारी सरकारी बाईही आली. प्रत्येकाने दाराशी हाक मारली आणि प्रत्येकाला उत्तर मिळाले, "कोण असेल ते आत या!" दोरिंदाने प्रत्येकासाठी पाव, हॅम, चीज आणि चोरिस कापले, आणि प्रत्येकाने खाल्ले, नको म्हणण्याची पद्धत नव्हती. मग प्रत्येकाने अर्मिंदोला कळवले, तुझी आई मजेत आहे. आम्ही पोटभर जेवून आलो.

ती सरकारी बाई तरुण आणि प्रेमळ होती. "एवढ्या घरी जाते मी," ती म्हणाली, "पण तुमच्यासारखं ताट कुठेच मिळत नाही. आणि केवढा हा हंडा! रोज ह्यात करता?"

"हंडा आहे म्हणजे स्वयंपाक असतोच, पोरी," दोरिंदा म्हणाली.

बाईने माझ्याकडे कौतुकाने पाहिले. तिचा हात माझ्या झाकणापासून वीतभर अंतरावर होता. पण ती चांगल्या घरची होती. तिने झाकण उचलले नाही.

ती जेवते का हे पाहायला येणारा प्रत्येक जण तिचेच जेवून जात होता. मी वर पाहत राहायचो. माळा आखूड होत गेल्या, मग एकेक खिळा मोकळा झाला. शेवटचे चोरिस झुल्मिराच्या ताटात पडले.

"पुरे गं," झुल्मिरा तोंड भरलेले असताना म्हणाली. "पोट आहे की पोतं? तू घे ना."

"मी आत्ताच जेवले. खा. हाडं दिसायला लागलीत तुझी."

"माझी? ह्या वयात कोणाला दाखवायचीत?"

दोघी हसल्या. झुल्मिराने ताट पावाने पुसले, शाल ओढली आणि गेली. वर रिकामा खिळा होता. तिने तिकडे पाहिले नाही. धूरही बराच होता, मी तिला दोष देत नाही.

मग बर्फ पडले आणि काही दिवस कोणीच आले नाही. दोरिंदा आधी पाव खात होती, मग नुसती कॉफी पीत होती, मग चूल पेटवायलाही उठली नाही. माझे अंग इतके गार मला कधी लागले नव्हते.

एका सकाळी दाराशी पावले वाजली.

"दोरिंदा! आहेस ना गं?" झुल्मिराचा आवाज.

आतून उत्तर गेले नाही. बाकावर गोधडीखाली दोरिंदाचे ओठ हलत होते. तिला काय म्हणायचे आहे, ते मला समजत होते. आयुष्यभर तिने त्या हाकेला एकच उत्तर दिले होते. पण आवाज फुटत नव्हता.

"दोरिंदा! अगं, बोल की. मी आहे, मी. बर्फात उभी आहे तुझ्या दारात." आत बोलावल्याशिवाय झुल्मिरा त्या घरात कधी आली नव्हती. शेवटी तिचा आवाज चिरकला. "मी येतेय आत. बोलावलं नाहीस तरी येतेय. नंतर शिव्या दे."

ती आत आली. तिने दोरिंदाचा हात धरला आणि लगेच चुलीकडे वळली. आग पेटवावी, हंड्यातले गरम करून तिला पाजावे, असे तिच्या मनात आले असणार. तिने माझे झाकण उचलले. आत एक कागद होता. तिने मला कान धरून वाकवले, जणू तळाशी काही चिकटले असेल. मग तिची मान वर गेली. सगळे खिळे मोकळे.

"मी खाल्लं," ती म्हणाली. कोणाला म्हणाली, ते मला कळले नाही. "बर्फाच्या आधी. इथं बसून. शेवटचं होतं ते आणि मी बसून खाल्लं."

"बस," दोरिंदा कशीबशी पुटपुटली. "काहीतरी... देते तुला."

"दे! माझं मढं दे!" झुल्मिरा ओरडली आणि रडत रडत घरी पळाली. तिने गरम दूध आणि सूप आणले. दोरिंदाने तोंड फिरवले.

"बाहेरचं अन्न? मेले का मी? किल्ली दारात आहे अजून."

"झुल्मिराचं नको, तर कोणाचं हवं आहे तुला?"

"माझ्या घरी... आधी तू खा."

झुल्मिरा वाडगा हातात धरून उभी राहिली. ती शाळेत फारशी गेली नव्हती, पण गावाचे नियम तिला पाठ होते. मला वाटते, म्हणूनच तिला ते सुचले. तेवढ्यात खालून फटफटीचा आवाज आला. काझिमिरो बर्फातून कसाबसा वर पोचला होता. झुल्मिराने त्याला आत ओढले, दोरिंदाला गोधडीत गुंडाळून त्याच्या पाठीवर दिले आणि मला एकचाकी ढकलगाडीत घातले. बाहेर पडताना तिने दोरिंदाच्या दारातली किल्ली काढली. ती किल्ली माझ्या पोटात, पत्राच्या शेजारी पडली.

आपल्या घरापाशी आल्यावर तिने आम्हाला बाहेरच उभे केले, स्वतः आत गेली आणि दार लावून घेतले.

"हं, आता हाक मारू दे तिला," ती आतून म्हणाली.

"झुल्मिराकाकू, ही काय नाटकं?" काझिमिरो कुडकुडत म्हणाला. "म्हातारी गोठतेय पाठीवर."

"तू गप बस. हाक तिनं मारायची."

दोरिंदाला सारे कळले. त्याच्या खांद्यावर तिचे डोके हलले. ती हसत असावी. मग फार बारीक आवाजात ती म्हणाली, "आहे का कोणी घरात?"

"कोण असेल ते आत या!"

दार उघडले. आता ती पाहुणी होती आणि पाहुण्याने नको म्हणायचे नसते. झुल्मिराने किल्ली आणि पत्र काढून कोनाड्यात ठेवले, मला विसळले आणि चुलीवर चढवले. सूप उकळले. दोरिंदाने पहिली पळी घेतली, दुसरी घेतली.

"ठकवलंस मला," ती म्हणाली.

"गप गीळ. तिसरी झाली ना? आता सांग, नाव काय तुझं? कुठून आलीस?"

मित्रांनो, ही गोष्ट इथेच थांबवता आली असती तर फार बरे झाले असते. दोरिंदा झुल्मिराकडे राहिली आणि रोज जेवली. पण डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला आहे, शरीर आतून पोखरले आहे. ईस्टरच्या आधी, चेरीच्या झाडांना अजून कळ्याच होत्या, तेव्हा ती गेली. अर्मिंदो एकटाच आला. कोणी त्याला वयाचे कारण सांगितले, कोणी थंडीचे. झुल्मिराने खरे सांगायला दोनदा तोंड उघडले आणि मिटले. जाताना तो मला तिच्याकडेच ठेवून गेला.

"मिळाला बाई हंडा अखेर," ती माझ्याकडे पाहत, जणू दोरिंदाला म्हणाली. "नवरा तेवढा ठेवलास तुझा तुला."

तिने लीदियाचे पत्र पुन्हा माझ्यात टाकले आणि झाकण लावले. पत्र माझे होते. तिथून पुढची वर्षे मी नीट सांगू शकत नाही, ती सगळी सारखीच होती. झुल्मिराचेही डुक्कर गेले, गुडघे गेले. गावातल्या किल्ल्या गेल्या. तिची राहिली. बटाटे ती खालच्या गावातून मागवायची. येणाऱ्यासाठी घरात काहीतरी असायचेच.

गेल्या महिन्यात काझिमिरो आला. त्याचे केस पांढरे झाले आहेत आणि लवकरच त्याची नोकरी संपणार आहे. झुल्मिराने त्याच्यापुढे पाव ठेवला आणि हॅमचा एक पातळ काप ठेवला.

"खा रे. दमला असशील."

"आणि तुम्ही?"

"मी आत्ताच जेवले."

काझिमिरोचा हात तोंडाशी गेला होता. तो थांबला. त्याने घास ताटात परत ठेवला, उठला आणि त्या गावात कोणी पाहुणा करत नाही ते केले. त्याने माझे झाकण उचलले.

"लाज नाही वाटत?" झुल्मिरा ओरडली. "दुसऱ्याच्या घरात? तुझ्या आईनं काय शिकवलं तुला?"

त्याने आतून धुराने पिवळा पडलेला कागद काढला आणि उभ्यानेच पुन्हा वाचला. या वेळी हुकमी आवाजात नाही.

"ह्याचं उत्तर गेलंच नाही, काकू."

"हंड्याचं पत्र आहे. त्याला विचार."

"तेच करतो," तो म्हणाला.

त्याने चूल पेटवली. मला चुलीवर ठेवले आणि आत तांब्याभर पाणी, तीन बटाटे, थोडी कोबी आणि तो हॅमचा काप टाकला. माझा नुसता तळ झाकला गेला. मला लाज वाटली. मग हळूहळू ते उकळू लागले, वास सुटला, आणि मला एक गोष्ट या वयात कळली : थोडेसेही शिजते. दोघांपुरतेही शिजते. एकापुरतेही शिजले असते. हे मी दोरिंदाला कसे सांगितले असते, कोण जाणे.

त्याने दोन वाडगे भरले. झुल्मिरा हात बांधून बसली.

"पाहुणा आधी," ती म्हणाली.

"मी कसला पाहुणा? न विचारता झाकण उघडलं. पाहुणा असा असतो का? आधी तुम्ही."

तिने बराच वेळ त्याच्याकडे रागाने पाहिले. मग चमचा उचलला. ती खात असताना त्याने खिशातून कागद काढला आणि गुडघ्यावर ठेवून लिहू लागला. लिहिता लिहिता तो मोठ्याने वाचत होता.

'प्रिय लीदिया, उत्तराला फार उशीर झाला. नाही, तुझी आजी जेवत नव्हती. ती जेवले म्हणायची आणि आम्ही सगळे तिच्याकडे पोटभर जेवून परत जायचो. शेवटचे काही आठवडे मात्र ती रोज जेवली, ते माझ्यातूनच. तू विचारलं होतंस ते बरोबर होतं. विचारायचं तुला एकटीलाच सुचलं. आता झुल्मिराकाकूही आत्ताच जेवले म्हणते. तिचा फोन नंबर खाली दिला आहे. जेवलीस का, असं तिला विचारू नकोस. काय शिजवलंस, ते विचार. तुझा, हंडा.'

"'हंडा' काय लिहितोस? स्वतःचं नाव घाल," झुल्मिरा म्हणाली.

"पत्र त्यालाच आलं होतं."

"पोर केवढी झाली असेल आता. कोणास ठाऊक, त्या पत्त्यावर राहते तरी का."

"अर्मिंदो तिथंच आहे. तो देईल. आणखी वाढू?"

तिने वाडगा पुढे केला. नको म्हणाली नाही.

मित्रांनो, तुमच्याही ओळखीत कुठेतरी अशी एखादी आजी असेल. तिच्याकडे गेलात की ती तुमचे ताट भरेल, आणि तुम्ही जेवा. तो तिचा मान आहे. पण निघण्यापूर्वी एकदा चुलीपाशी जा आणि झाकण उचलून आत बघा. तिला राग येईल, लोक तुम्हाला उद्धट म्हणतील. म्हणू द्या. हंडा रिकामा असेल तर तो तुम्हाला हाक मारणार नाही. आम्हाला ते येत नाही.

काझिमिरोने वाडगा पावाने पुसला, पाकीट चिकटवले आणि त्यावर तिकीट लावले. दार ओढून घेताना बाहेर कुलपातली किल्ली वाजली. मग फटफटी सुरू झाली आणि वळणावळणाने तिचा आवाज खाली उतरत गेला. माझे उत्तर काझिमिरोच्या पिशवीत होते.